ग्वाममध्ये मुलांसाठी शाळा कशा आहेत? मुलांना न्यावं की पुण्यातच ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना ग्वाममध्ये बांधकाम प्रकल्पावर सिव्हिल इंजिनिअरची नोकरी मिळाली आहे, पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून निघायचंय, मुलगी आठवीत आणि मुलगा पहिलीत आहे. तिथे सीबीएसई मिळेल का, शाळा बऱ्या आहेत का, की मुलांना आजी-आजोबांकडे ठेवावं, असा प्रश्न आहे. आम्ही इथे बरीच वर्षं राहतोय आणि आमची दोन्ही मुलं इथल्याच शाळांत शिकतायत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलांना घेऊन या. पॅसिफिक महासागरातलं हे बेट दूर आहे, पण शाळांची वानवा नाही. क्षेत्रफळ मुंबईपेक्षा थोडं कमी आणि वस्ती जेमतेम दीड लाख. त्यात सरकारी शाळा, चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या), मिशनच्या खासगी शाळा आणि मांगिलाओला युनिव्हर्सिटी ऑफ ग्वाम, एवढं सगळं आहे. सीबीएसईची शाळा मात्र नाही. ग्वाम अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश असल्यामुळे अभ्यासक्रम अमेरिकन पद्धतीचाच.

मुलाची काळजी करू नका. पहिली-दुसरीतलं मूल घराजवळच्या कुठल्याही बऱ्या शाळेत चार महिन्यांत रुळतं. खरा विचार मुलीचा करायचाय, आणि तिच्याबाबतीत 'कोणती शाळा चांगली' याच्याही आधी 'ती बारावी कुठे करणार' हे ठरवायला हवं. बहुतेक कुटुंबं हा प्रश्न मागे टाकतात आणि दोन वर्षांनी त्यातच अडकतात.

इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. नववीपासून प्रत्येक विषयाचे क्रेडिट जमा होत जातात आणि चार वर्षांचे मिळून डिप्लोमा मिळतो. दहावीला बोर्ड नाही. तुमची मुलगी एप्रिलमध्ये आठवी संपवून ऑगस्टमध्ये इथे नववीत बसेल, ही वेळ अगदी योग्य आहे. पण विज्ञान इथे आपल्यासारखं एकत्र शिकवत नाहीत. साधारणपणे एका वर्षी जीवशास्त्र, पुढच्या वर्षी रसायनशास्त्र, त्यानंतर भौतिकशास्त्र. गणिताचंही तसंच, एक वर्ष बीजगणित, एक वर्ष भूमिती. म्हणजे दहावी संपवून ती पुण्याला अकरावी सायन्सला परतली, तर भौतिकशास्त्राचा बराचसा भाग तिने पाहिलेलाच नसेल, आणि वर्गातल्या इतर मुलांचे जेईई-नीटचे क्लास तोवर सुरू झालेले असतील.

आता व्हिसाचा हिशोब बघा. एच-वन-बी, म्हणजे मिस्टरांचा नोकरीचा व्हिसा, सुरुवातीला तीन वर्षांपर्यंतचा मिळतो आणि वाढवून एकूण सहा वर्षं होतात. तीन वर्षांनी परत यायचं झालं तर मुलगी नेमकी अकरावी संपवून बसलेली असेल. परतायला याहून वाईट वेळ नाही. तेव्हा कंत्राट तीन वर्षांचंच असेल तर ते वाढवून घेता येईल का, हे नवराबायकोने आत्ताच बसून बोलून घ्या. बारावीपुरतं तिने आणि तुम्ही मागे राहू म्हटलं तरी जमणार नाही, कारण मिस्टरांची नोकरी संपली तर तुमचा दोघींचा एच-फोर (कुटुंबीयांचा व्हिसा) त्यासोबत जातो. इथे बारावी पूर्ण केली, तर भारतीय विद्यापीठांत प्रवेशासाठी समकक्षता प्रमाणपत्र (ही बारावी भारतातल्या बारावीच्या बरोबरीची आहे असा दाखला) काढावं लागतं. त्याच्या अटी आणि लागणारे विषय आधीच वाचून ठेवा, म्हणजे नववीत विषय निवडताना चूक होणार नाही.

आता शाळांकडे येते. सरकारी शाळेत फी नाही, एच-फोरवरच्या मुलांनाही नाही. शाळा राहत्या गावावरून ठरते. इथे एकोणीस गावं आहेत, प्रत्येकाचं मेयरचं ऑफिस आहे, आणि तुम्ही त्या गावात राहता असा दाखला तिथूनच घ्यावा लागतो. म्हणून आधी शाळा बघा आणि मग घर भाड्याने घ्या. कंपनीने देदेदो गावात फ्लॅट दिला म्हणून सामान लावून मोकळं होऊ नका.

सरकारी शाळांतले शिक्षक जीव ओतून शिकवतात, हे मी जवळून पाहिलंय. इमारतींचं दुखणं मात्र जुनं आहे. 24 मे 2023 ला मावर वादळ आलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये अनेक शाळा स्वच्छतेच्या तपासणीत अडकून उशिरा उघडल्या आणि काही ठिकाणी मुलांना दोन पाळ्यांत बसवावं लागलं. जिगो गावच्या सायमन सँचेझ हायस्कूलची नवी इमारत तर कित्येक वर्षं नुसती चर्चेत होती. त्यामुळे शाळा बघायला गेलात की वर्ग, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि एसी स्वतः बघा. एसी ही इथे चैन नाही, बारा महिने कोकणातल्या मे महिन्यासारखी हवा असते.

खासगीमध्ये तुमोनच्या वरच्या अंगाचं सेंट जॉन्स स्कूल आहे, तिथे आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) हा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा करता येतो. पुढे भारत, अमेरिका की आणखी कुठे हे नक्की नसेल आणि फी झेपत असेल, तर मुलीसाठी माझी पहिली पसंती तीच. हगात्न्यातली अकॅडमी ऑफ अवर लेडी ही मुलींची कॅथलिक शाळा, फादर दुएन्यास ही मुलांची, बारिगाडाला हार्वेस्ट ख्रिश्चन अकॅडमी. धर्मशिक्षणाचा तास आणि प्रार्थना असतेच. आपल्याकडच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना त्याचं काही वाटत नाही, पण घरात कुणाला खटकणार असेल तर आधी बोलून घ्या.

लष्करी तळावरच्या शाळांबद्दल लोक फार चांगलं बोलतात. त्या सैनिकांच्या आणि ठरावीक केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहेत. मिस्टरांचं काम तळावर असलं तरी पगार कंत्राटदार कंपनीचा आहे, तेव्हा ती जागा गृहीत धरू नका. एचआर तोंडी काहीही म्हणाला तरी लेखी मागा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त धावपळ होते ती टीबीच्या चाचणीची. प्रवेशाच्या वेळी हातावर सुई टोचून ती चाचणी करतात आणि दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात. आपल्या मुलांना जन्मतःच बीसीजी ही टीबीची लस दिलेली असते, त्यामुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते. माझ्या मुलीच्या हातावर चांगला टणक, लाल फुगवटा आला होता. नर्सने पट्टीने मोजला, छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं आणि तो स्वच्छ आल्यावर काम झालं. घाबरायचं कारण नाही, पण बीसीजीची नोंद असलेलं लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा आणि शाळा सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी पोहोचा. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नसते. मुलांना दिली नसेल तर बालरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोला. मुलीच्या सहावी ते आठवीच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यानिशी घ्या, आणि गणितात कोणते धडे झाले याची यादी शिक्षकांकडून इंग्रजीत लिहून घ्या. नववीत तिला कुठल्या गणिताला बसवायचं हे काउन्सेलर त्यावरून ठरवतात. ही यादी नसेल तर येत असलेलंच पुन्हा शिकावं लागतं.

जेवणाचं म्हणाल तर सरकारी शाळेत नाश्ता आणि जेवण फुकट मिळतं, पण मांसाहाराशिवाय पान हलत नाही. शाकाहारी असाल तर डबा द्या. वर्गात चामोरो (इथले मूळ रहिवासी), फिलिपिनो, मायक्रोनेशियातल्या चूक (Chuuk) नावाच्या बेटांवरची अशी सगळी मुलं असतात, भात सगळ्यांच्याच घरी शिजतो, त्यामुळे आपल्या वरणभाताकडे कुणी वळून बघत नाही. सरकारी शाळेत चामोरो भाषाही शिकवतात. मार्च महिन्यात चामोरो संस्कृतीचे कार्यक्रम असतात, मुलं नाच बसवतात, नारळाच्या झावळ्या विणतात. आमच्या धाकट्याला झावळीची टोपली विणता येते आणि तो ती मोठ्या अभिमानाने आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवतो. मुलांना यात मनापासून घाला. काही वर्षं राहायचंय, तर ज्यांच्या बेटावर राहतो त्यांची भाषा थोडी तरी यावी.

मराठीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या मराठी शाळांचे ऑनलाइन वर्ग आम्हाला वेळेमुळे जमत नाहीत. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात शनिवारचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे रविवारचे पहाटेचे तीन झालेले असतात. पुणं मात्र फक्त साडेचार तास मागे आहे. इथे संध्याकाळचे सहा तेव्हा तिथे दुपारचा दीड. एखाद्या निवृत्त शिक्षिकाबाई मिळाल्या तर आठवड्यातून दोनदा मराठी आणि मुलीला भौतिकशास्त्र, दोन्ही छान चालतं. आम्ही असंच करतो.

आता पहिलं काम म्हणजे मिस्टरांच्या ऑफर लेटरमध्ये शाळेच्या फीचा भत्ता आहे का ते बघा. नसेल तर सही करण्याआधी मागा, नंतर देत नाहीत. आणि सेंट जॉन्सला जायचा विचार असेल तर प्रवेशासाठी त्यांना याच महिन्यात ईमेल करा.