गाजर गवताची खाज आणि कॅमोमाइलचं क्रीम

ताई, तुमचं पत्र वाचलं. कॅमोमाइल-कॅलेंड्युला या फुलांचं क्रीम लावल्यापासून चौथ्या दिवशी तुमच्या पापण्या सुजल्या, गाल लाल झाले. दुकानदार म्हणतो, सगळं वनस्पतीजन्य आहे, आतली घाण बाहेर पडतेय, लावत राहा. कृपा करून ते आजच बंद करा. घाण वगैरे काही बाहेर पडत नाहीये, त्वचेचा दाह होतोय.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की शेतात गाजर गवत उपटताना मान आणि हात खाजतात. मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत सूर्यफुलाच्या कुळातलं. शेवंती, कॅमोमाइल, कॅलेंड्युला, अर्निका हीसुद्धा त्याच कुळातली. गाजर गवतातल्या सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या द्रव्यांशी शरीराचं एकदा वाकडं आलं, की त्याच्या भाऊबंदांचाही काहींना त्रास होतो. मलाही गाजर गवताची ॲलर्जी आहे आणि शेवंतीचा हार हातात धरला तरी बोटांना चिरा पडतात.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हे आपल्याकडे तरी कुणी मानू नये. बिब्बा उतलेला माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना विचारा. काजूच्या टरफलातलं तेल आणि कैरीचा चीक त्याच कुळातले. कोरफडीचा गरही पान कापल्या कापल्या लावू नका, आधी तो पिवळा चीक निथळू द्या. चेहऱ्यावर लिंबू तर नकोच. रस लावून उन्हात गेलात तर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. टी ट्री तेलाची उघडून बरेच महिने झालेली बाटली ताज्या बाटलीपेक्षा जास्त त्रासदायक, कारण हवेने त्यातली द्रव्यं बदलतात.

सध्या साधं, बिनवासाचं पेट्रोलियम जेली पुरे. पुढे नवीन काही आणलंत तर कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, निदान आठवडाभर लावून बघा. ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही उमटते, त्यामुळे एका रात्रीत काही कळत नाही.

पापण्यांची सूज त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच आणि पॅच टेस्टबद्दल (संशयित द्रव्यांच्या पट्ट्या त्वचेवर चिकटवून ॲलर्जी कशाची ते शोधायची चाचणी) विचारा. जाताना क्रीमचं खोकं न्या, त्यावर वनस्पतींची लॅटिन नावं असतात. गाजर गवताचंही आठवणीने सांगा, डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.