हेर्ब म्हणजे चिन्ह, कुळ की आडनाव?

प्रश्न असा आला आहे : पोलंडमधील झामोयस्की घराण्याविषयी वाचताना प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे ‘हेर्बू येलिता’ असे शब्द येतात. हे दुसरे आडनाव समजावे, की गोत्र, की केवळ ढालीवरचे चिन्ह? मराठीत ‘हेर्ब’साठी ‘देवक’ हा शब्द चालेल का?

‘हेर्बू’ हे ‘हेर्ब’ या शब्दाचे षष्ठीचे रूप आहे, त्यामुळे ‘यान झामोयस्की हेर्बू येलिता’ याचा सरळ अर्थ ‘येलिता हेर्बाचा यान झामोयस्की’ असा होतो. शब्द पोलिशमध्ये आला तो चेक भाषेतील ‘एर्ब’वरून, आणि चेकमध्ये तो जर्मन ‘एर्बे’, म्हणजे वारसा, यावरून. मुळात वारसा सांगणारा हा शब्द पुढे वारशाने मिळालेल्या चिन्हाला चिकटला. उच्चारात शेवटचा ब कठोर होऊन एकटा शब्द ‘हेर्प’ असा ऐकू येतो, परंतु विभक्तीचा प्रत्यय लागताच तो ब परत येतो, म्हणून लिहिताना ‘हेर्ब’च ठेवावा.

येलिता हे चिन्ह म्हणजे तांबड्या ढालीवर एकमेकांना छेदणारे तीन सोनेरी भाले, आणि शब्दाचा अर्थ मात्र आतडी. हे कोडे एका आख्यायिकेने सुटते. 1331 मध्ये प्वोव्त्से येथे ट्यूटॉनिक सरदारांशी झालेल्या लढाईनंतर राजा व्वादिस्वाव वोक्येतेक रणांगणातून फिरत असता त्याला फ्लोरियान शारी हा योद्धा दिसला. त्याच्या पोटात तीन भाले रुतले होते आणि बाहेर आलेली आतडी तो स्वतःच्या हाताने आत सारत होता. किती वेदना होत असतील, असे राजा म्हणाला, तेव्हा गावातल्या दुष्ट शेजाऱ्याच्या जाचापेक्षा हे कमीच दुखते, असे त्याने उत्तर दिले. ‘तो म्न्येइ बोली’, म्हणजे ‘हे कमी दुखते’, हे घराण्याचे ब्रीदवाक्य याच कथेतून आले असे सांगतात. कथा नंतरच्या काळात रंगवलेली असावी, असे मला वाटते. याच हेर्बाचे जुने नाव ‘कोझ्लारोगी’, म्हणजे बोकडाची शिंगे, असे आहे, आणि ढालीवरील शिरस्त्राणावर आजही बोकडच दिसतो.

आता मुख्य मुद्दा. पश्चिम युरोपात असे चिन्ह बहुधा एका घराण्याची मालमत्ता असते. पोलंडमध्ये एकच हेर्ब शेकडो आडनावांची घराणी लावत आणि त्यांचा आपसात रक्तसंबंध असेलच असे नसे. 1413 मध्ये होरोद्वो येथे पोलंड आणि लिथुएनिया यांच्यात करार झाला, तेव्हा 47 लिथुएनियन घराण्यांना पोलिश हेर्बांमध्ये सामावून घेण्यात आले. त्यांतील क्रिस्तिन ओस्तिक याला फुंकायच्या तीन शिंगांचा ‘त्रोंबी’ हा हेर्ब मिळाला, आणि त्याच्याच वंशातून पुढे प्रसिद्ध राजिविव घराणे निघाले. म्हणजे राजिविव आणि इतर त्रोंबीवाले यांचे चिन्ह एक, पूर्वज मात्र वेगळे. सोळाव्या शतकातला पोलिश सेनापती यान झामोयस्की यानेही आपल्या मर्जीतील लोकांना येलितात दत्तक घेतल्याची उदाहरणे आहेत. 1601 च्या कायद्याने ही वाट बंद झाली. 1584 मध्ये बार्तोश पाप्रोत्स्की याने उमराव घराण्यांचा जो मोठा संग्रह छापला त्याची मांडणीही हेर्बांनुसार होती, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला एका हेर्बाखालची सगळी घराणी भाऊबंद वाटतात.

‘देवक’ हा शब्द इथपर्यंत जवळचा वाटतो, कारण एकच देवक अनेक आडनावांत सापडते. पण आपल्याकडे देवक जुळले की सोयरीक मोडते, तर समान हेर्ब हा पोलंडमध्ये लग्नाला अडसर नव्हता. शिवाय देवकाला पूजेचा जो आधार आहे तो हेर्बाला नाही. म्हणून माझे मत ‘देवक’ टाळावा असे आहे. चित्राविषयी बोलताना ‘कुलचिन्ह’ म्हणावे आणि नावाच्या भागात ‘येलिता हेर्बाचे’ असेच लिहावे. रक्ताच्या घराण्यासाठी पोलिशमध्ये ‘रुद’ हा वेगळा शब्द आहे. त्याला ‘घराणे’ चपखल बसतो.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे, हे झामोयस्कींच्या वारसातंट्यात उघड झाले. पंधराव्या शतकात वाज्निन गावच्या तोमाश याने झामोश्च हे गाव घेतले आणि वंशजांनी गावावरून आडनाव लावले. याच वंशातला यान झामोयस्की (1542-1605) 1578 मध्ये राज्याचा महाचान्सलर, म्हणजे राजाचा प्रमुख मंत्री, आणि 1581 मध्ये सेनापती झाला. 1580 मध्ये त्याने बेर्नार्दो मोरान्दो या इटालियन वास्तुविशारदाकडून नवे शहर आखून घेतले आणि त्यालाही झामोश्च हेच नाव दिले. गावाने घराण्याला दिलेले नाव घराण्याने शहराला दिले आणि मूळ गाव ‘जुने झामोश्च’ झाले. 1589 मध्ये त्याने ‘ऑर्दिनात्सिया’ स्थापन केली, म्हणजे वाटणी न होता, विक्री न होता पुरुषवंशात थोरल्याकडे जाणारी जहागीर. नातू यान 1665 मध्ये निपुत्रिक वारला. हा ‘सोबिएपान’, म्हणजे आपणच आपला धनी, या टोपणनावाने ओळखला जाई, आणि त्याची विधवा पुढे यान सोबिएस्की याच्याशी लग्न करून पोलंडची राणी झाली. जहागिरीवर बहिणींच्या बाजूच्या आप्तांनी हक्क सांगितला. अखेर 1670 च्या दशकात ती दुसऱ्या पातीतल्या मार्चिन झामोयस्की याच्याकडे आली. येलिता लावणाऱ्या शेकडो घराण्यांपैकी एकालाही केवळ हेर्बाच्या जोरावर तिच्यावर दावा करता आला नाही. ही जहागीर 1944 च्या जमीनसुधारणेपर्यंत टिकली.

‘सरदार घराणे’ या शब्दाविषयीही एक सूचना. झामोयस्की, राजिविव यांच्यासारख्या गडगंज घराण्यांना तो शोभतो, पण ‘श्लाख्ता’ या समूहवाचक शब्दासाठी तो वापरू नये. श्लाख्ता हा लोकसंख्येच्या सुमारे 8 ते 10 टक्के असलेला वर्ग होता आणि त्यातील कित्येकांजवळ स्वतः कसण्याच्या शेताखेरीज काही नव्हते. कायद्याने मात्र ते मोठ्या सरदारांच्या बरोबरीचे मानले जात. त्यासाठी ‘कुलीन वर्ग’ बरा. आडनाव लिहिताना स्त्रीचे ‘झामोयस्का’ असे वेगळे रूप होते, तेही मराठीत जसेच्या तसे ठेवावे.