क्लिओपात्रा ग्रीक होती, तर मग इजिप्तवर आणखी कोणते परकीय फॅरो होऊन गेले?

तुम्ही विचारलंय की क्लिओपात्राचं घराणं मूळचं मॅसेडोनियाचं, तसे तिच्या आधीही बाहेरचे राजे फॅरो झाले का. झाले, आणि बरेच झाले. इ.स.पू. 1650 च्या सुमारास पश्चिम आशियाकडून आलेले हिक्सोस (या नावाचा अर्थच ‘परदेशांचे राज्यकर्ते’), पुढे लिबियन वंशाचा शेशोंक आणि त्याचं घराणं, मग इ.स.पू. 525 मध्ये इराणचा कँबिसिस. टॉलेमी घराणं सगळ्यात शेवटचं.

पण मला विचाराल तर या परकीयांतलं सर्वांत वेधक घराणं इजिप्तच्या राजघराण्यांच्या क्रमातलं पंचविसावं, म्हणजे आजच्या सुदानमधल्या कुश राज्याचं. इजिप्शियन लेखांत या देशाचं नाव बहुतेक वेळा ‘दळभद्री कुश’ असंच येतं. सुमारे पाचशे वर्षं इजिप्तने तिथे राज्य केलं, सोनं नेलं आणि जबल बरकलच्या डोंगरापाशी आमोन देवाचं मंदिर उभारलं. पुढे इजिप्तची सत्ता ओसरली, पण देव तिथेच राहिला. इ.स.पू. आठव्या शतकात इजिप्तमध्ये चार-पाच जण एकाच वेळी स्वतःला राजा म्हणवत होते. तेव्हा त्याच डोंगराच्या पायथ्याहून पिये नावाचा राजा उत्तरेकडे निघाला. (मराठीत हे क्रियापद वाटतं, त्याला इलाज नाही. जुन्या पुस्तकांत ‘पियांखी’ सापडेल.)

या स्वारीचा त्याने कोरून घेतलेला लेख 1862 साली जबल बरकलला सापडला. मी तो भाषांतरात वाचला तेव्हा थक्क झालो. सैन्याला त्याचा हुकूम होता: थीब्जला (आमोनच्या मुख्य मंदिराच्या शहराला) पोचलात की आधी नदीत अंघोळ करा, स्वच्छ वस्त्रं नेसा, शस्त्रं खाली ठेवा आणि आमोनपुढे फुशारक्या मारू नका. ही मोहीम आहे की वारी, असा प्रश्न पडावा! हर्मोपोलिसचा राजा निमलोत शरण आला, तेव्हा पियेने त्याच्या राण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. तो तडक तबेल्यात गेला. वेढ्यात घोडे उपाशी राहिलेले पाहून भडकला आणि म्हणाला, तुझ्या बाकी सगळ्या गुन्ह्यांपेक्षा हा मला जास्त लागला. पुढे चार राजे त्याच्या भेटीला आले. त्यातले तिघे दाराबाहेरच थांबले, कारण त्यांची सुंता झालेली नव्हती आणि ते मासे खाणारे होते. आत प्रवेश फक्त निमलोतला मिळाला. म्हणजे इजिप्तचं सोवळं इजिप्तच्याच राजांना शिकवायला सुदानचा माणूस आला होता. इतिहासातली ही गंमत मला फार आवडते.

हे लोक असेच होते. इजिप्तच्या राजांनी स्वतःसाठी पिरॅमिड बांधणं सोडून जवळपास आठशे वर्षं झाली होती. पियेने कुशमधल्या एल-कुरूला पुन्हा पिरॅमिड बांधला. त्याच दफनभूमीत राजांचे घोडेही उभ्या अवस्थेत पुरलेले सापडले. नंतरच्या शबाका राजाने एक धर्मग्रंथ काळ्या दगडावर कोरून घेतला. मूळ प्रत किड्यांनी खाल्ली होती, ती वाचवली, असं तो त्यात लिहितो. पोथीला कसर लागलेली ज्यांनी पाहिलीय, त्यांना त्याची तळमळ कळेल. दुर्दैव असं की नंतर कुणीतरी त्याच दगडाला मधोमध भोक पाडलं. जात्यासारखा वापर झाला असावा, असं बरीच वर्षं मानलं गेलं. सध्या तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तहार्का या घराण्याचा सर्वांत मोठा बांधकाम करणारा राजा. बायबलमध्येही त्याचं नाव येतं. पण त्याच्याच काळात आजच्या इराकमधले असिरियन चालून आले. इ.स.पू. 671 मध्ये मेम्फिस पडलं आणि 663 च्या सुमारास थीब्जची लूट झाली. घराणं माघारी कुशला गेलं. तिथे मात्र ते राज्य, आधी नपाता आणि मग मेरोई इथून, इ.स. चौथ्या शतकापर्यंत टिकलं. म्हणूनच सुदानमध्ये दोनशेहून जास्त पिरॅमिड आहेत. संख्येने इजिप्तपेक्षा जास्त, आकाराने लहान आणि चांगले उभट.

मग ते ‘परके’ कधी ठरले? इ.स.पू. 593 च्या आसपास सामेतिक दुसरा या फॅरोने कुशवर स्वारी केली आणि इजिप्तमधल्या शिलालेखांतून या राजांची नावं खोडून काढली. 2003 साली सुदानमधल्या केरमाजवळ एका खड्ड्यात तहार्कासह पाच राजांच्या सात मूर्ती सापडल्या. सगळ्यांची डोकी उडवलेली होती, पण तुकडे मात्र कुणीतरी नीट जपून पुरलेले होते.