पांढरा कुठे थांबणार?

प्रिय,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. स्नूकर सोडून पूलकडे वळावं का, असं विचारतोस. अकादमीतली मुलं पूलला अड्ड्यावरचा खेळ म्हणतात, पूलवाले मित्र स्नूकरला साहेबी थाटाचा म्हणतात आणि वडिलांच्या लेखी दोन्ही वाया जाण्याचेच रस्ते. एवढ्या मोठ्या पत्रात खेळाबद्दल मात्र एक ओळ नाही. आहे ते सगळं दारांबद्दल. कुठल्या दारातून आत गेलं तर कोण काय म्हणेल, एवढंच.

मग आधी दारांचाच निकाल लावू. स्नूकर सभ्य म्हणतोस? 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये इंग्रज अधिकारी पैसे लावून पूलचे खेळ खेळत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लेफ्टनंटने त्यात आणखी रंगीत बॉल आणले आणि त्यातून स्नूकर उभा राहिला. नियम पुढे उटीच्या क्लबात लिहिले गेले. बो-टाय आणि वेस्टकोट दिसतात म्हणून जन्म बदलत नाही. पैज लावणं हा पूलचा दोष असेल, तर तो स्नूकरच्याही रक्तात आहे.

आणि जिमखान्यांची सभ्यता मी जवळून पाहिली आहे. मला क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरायला शिकवलं ते एका क्लबातल्या मार्करने. तो सभासदांचे गुण मोजायचा, कापडाला ब्रश मारायचा, इस्त्री करायचा, आणि सकाळी हॉल उघडायच्या आधी एकटा खेळायचा. त्याच्याइतका सफाईदार हात तिथल्या एकाही सभासदाचा नव्हता. तरी क्लबाच्या स्पर्धेत त्याला क्यू उचलायची मुभा नव्हती. तो गेला, आणि त्याचा खेळ चारचौघांत कधी दिसलाच नाही. हे मला अजून सलतं. त्याचं सांगणं एकच असे: पॉट काय, बॉल खिशात कुणीही पाडतं, क्यूने मारायचा तो पांढरा बॉल कुठे थांबणार ते आधी सांग.

तेच मी तुला विचारतो. पांढरा कुठे थांबणार?

या एका प्रश्नाने खेळ बघ, म्हणजे त्यामागची माणसंही दिसतील. स्नूकरमध्ये तू फाउल केलास की समोरच्याला किमान चार गुण मिळतात, पण पांढरा जिथे थांबला तिथूनच त्याला खेळावं लागतं, किंवा तो तुलाच पुन्हा खेळायला लावतो. म्हणजे अडवून ठेवण्याला किंमत आहे. थांबणं, कोंडणं, अर्धा तास एका लाल बॉलसाठी झुरणं, हे त्या संस्कृतीला मान्य आहे. पूलच्या नाइन-बॉल प्रकारात फाउल झाला की समोरचा पांढरा हातात घेऊन टेबलावर वाटेल तिथे ठेवतो. एक चूक, आणि सगळं रॅक, म्हणजे तो डावच, गेला. तिथे धिटाईला बक्षीस आहे, आणि डाव जिंकून देणारा नऊ नंबर नशिबाने पडला तरी तो मोजला जातो. तुझ्या अकादमीतल्यांना याचाच तिटकारा. त्यांनी इफ्रेन रेयेस नीट बघितलेला नाही, एवढंच मी म्हणेन.

हा माणूस मनिलाच्या पूल हॉलमध्ये वाढला, लहानपणी तिथल्याच टेबलांवर झोपायचा. फिलिपिन्समध्ये रोटेशन खेळतात: पंधरा बॉल, क्रमाने, जितका नंबर तितके गुण. पुढचा बॉल कुठेही दडलेला असू शकतो, म्हणून पांढरा कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडांवरून, फिरवून त्याच्यापर्यंत नेण्याची विद्या तिथे अंगात मुरते. 1996 मध्ये हाँगकाँगला अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध 120 रॅकांची शर्यत झाली आणि रेयेस 120-117 ने जिंकला, एक लाख डॉलर घेऊन. अड्ड्यावरचा खेळ म्हण हवं तर. पण त्या अड्ड्याने पांढऱ्याचा असा धनी घडवला.

थ्री-कुशनला तर खिसेच नाहीत. आपला बॉल उरलेल्या दोन्ही बॉलना लागायला हवा, आणि त्यातल्या दुसऱ्याला लागण्याआधी किमान तीन वेळा कुशनला लागला पाहिजे. बेल्जियमच्या रेमंड सेलमन्सने यात विसाहून जास्त जागतिक विजेतेपदं घेतली. तोच खेळ आज कोरियात गल्लीगल्लीत आहे. लोक हॉलमध्येच काळ्या सॉसच्या नूडल्स मागवून खेळत बसतात. रशियन फ्री पिरॅमिडमध्ये टेबलावरचा कुठलाही बॉल मारायला घेता येतो, पण खिसा इतका अरुंद की बॉल जेमतेम शिरतो. मला मनिला बघायचं होतं, ब्रुसेल्स बघायचं होतं. पैसे नव्हते, राहून गेलं.

आता माझ्या खेळाबद्दल ऐक, कंटाळू नकोस. तीन बॉलचं बिलियर्ड्स तू म्हाताऱ्यांचं म्हणतोस. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये भारताला पहिलं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं ते याच खेळात. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी ते तीनदा जिंकलं. गीत सेठींनी 1992 मध्ये एका खेपेत सलग 1276 गुणांचा ब्रेक केला. हॉलवाल्यांनी बिलियर्ड्सचे बॉल कपाटात ठेवून स्नूकरचे मांडले तेव्हा सगळे तिकडे गेले, मी गेलो नाही. लोक मला हट्टी म्हणाले. असेन. बिलियर्ड्समध्ये रेड पॉट केला तर तीन, आपला बॉल रेडला लागून खिशात, म्हणजे इन-ऑफ, गेला तर तीन, दोन्ही बॉलना लागून कॅनन झाला तर दोन. पण पुढचा गुण हवा असेल तर तिन्ही बॉल कुठे थांबतील ते मनात आधी बघावं लागतं. हे दुसऱ्या कुठल्या खेळाने मला इतकं निर्दयपणे शिकवलं नसतं. पंकज अडवाणी बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हीकडे जगज्जेता झाला, ते काय उगाच?

म्हणून पूल की स्नूकर हे मला विचारू नकोस, मी सांगणार नाही. तुझा व्हिडिओ पाहिला. लांबचे पॉट सुरेख जातात आणि पांढरा रस्ता चुकलेल्या गुरासारखा भटकतो. असा पांढरा घेऊन तू कुठल्याही दारातून आत गेलास तरी दोन शॉटनंतर बाहेर बसणार. संतापू नकोस, संताप आला तर टेबलावर काढ.

महिनाभर एवढंच कर. काळा जागेवर ठेव, पांढरा त्याच्या खिशाच्या सरळ रेषेत, हातभर अंतरावर. काळा पॉट कर आणि पांढरा जिथल्या तिथे थांबव. मग तोच पॉट, पण पांढरा वीतभर मागे आण. मग वीतभर पुढे सोड. मारण्याआधी जागा मोठ्याने बोल, मनात नाही. चुकलं की पहिल्यापासून. हे जमलं की रविवारी सकाळी ये, तीन बॉल मांडून ठेवतो. वडिलांना मी वेगळं पत्र लिहितो आहे; ते येईपर्यंत घरात वाद घालू नकोस.