त्या रकान्यातलं 'नाही' आधी खोडा

ताई, माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ९७ टक्के, अमेरिकेतल्या प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत १५४०. त्याला बारावीनंतर लगेच अमेरिकेला जायचंय. एका कन्सल्टंटकडे दीड वर्षापासून नाव घातलंय, फी साडेचार लाख. हार्वर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), कॉर्नेल, ड्यूक धरून यादीत चौदा नावं आहेत आणि सगळे अर्ज एक जानेवारीच्या आत जायचेत. सर म्हणतात, प्रोफाइल छान आहे, पण एखादी सोशल अ‍ॅक्टिव्हिटी कमी पडतेय. भारतीय मुलांना तिथे मुद्दाम कमी घेतात असंही ऐकलं. त्याला नक्की किती चान्स आहे? दोन महिन्यांत काय वाढवता येईल? मिस्टरांचं सातपूरला जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. आर्थिक मदत हवी का, या प्रश्नाला सरांनी 'नाही' भरायला लावलंय, त्याने चान्स वाढतो म्हणे. एकदा आत गेला की स्कॉलरशिप मिळवेलच, तोवर सिन्नरचा प्लॉट आहे. मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही, अभ्यासावर परिणाम नको.
— एक आई, नाशिक

तुम्ही चान्स विचारलात, म्हणून ते आधी उरकते. २०२४ साली हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि त्यांनी १,९३७ मुलं घेतली. एमआयटीत परदेशी अर्जांमधून शंभरात जेमतेम दोघांचा नंबर लागतो. परदेशी मुलांसाठी जागाच थोड्या, आणि त्यांवर अख्ख्या जगातली पहिल्या नंबरची पोरं तुटून पडतात. भारतीयांचा वेगळा आकस धरावा लागत नाही. ९७ टक्के आणि १५४० असलेले अर्ज तिथे ढिगानं येतात. त्यातून तुमचा मुलगा उचलला जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही आणि साडेचार लाख घेणारे सरही सांगू शकत नाहीत. दोन महिन्यांत उभी केलेली समाजसेवा अर्ज वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळते. ती नको.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी घाईघाईनं लिहिलेल्या तीन वाक्यांकडे येऊ. ती वाचून मला तुमचा राग आला, आणि तो मी लपवणार नाही.

एकदा आत गेला की स्कॉलरशिप मिळवेल, असं तुम्ही लिहिलंय. कुठून मिळवेल? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन धरून आयव्ही लीग या नामांकित गटातली आठही विद्यापीठं हुशारीवर स्कॉलरशिप देतच नाहीत. एमआयटीतही नाही. तिथे सगळी मदत घरची ऐपत बघून मिळते, आणि ती आपण मागावी लागते. स्टॅनफर्डचा नियम तर स्पष्ट आहे: परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं त्याला ती मागता येत नाही. यादीतल्या इतरही काही ठिकाणी असेच नियम आहेत. तुम्ही ज्याला 'नंतर बघू' म्हणताय, ते दार तुमच्या मुलानं आज स्वतःच्या हातानं बंद केलंय, आणि आपण काय बंद केलं हे त्याला ठाऊकही नाही.

सर पूर्ण खोटं बोललेले नाहीत, हे कबूल करायला हवं. स्टॅनफर्ड, पेन, कॉर्नेल, ड्यूक इथे परदेशी मुलानं मदत मागितली की निवड करताना ते बघितलं जातं, आणि मदत मागणाऱ्याला प्रवेश जास्त अवघड जातो. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट, बोडन ही अशी नावं आहेत जिथे परदेशी मुलाचाही निर्णय घरचे पैसे न बघता होतो, आणि घेतलं तर जेवढी गरज सिद्ध होईल तेवढी सगळी मदत मिळते. तुमच्या यादीतली पहिली तीन नावं यातलीच! तिथे 'नाही' लिहून चान्स तसूभरही वाढत नाही. फक्त मदत हुकू शकते. हे सरांना माहीत नसेल तर त्यांनी फी कशाची घेतली, आणि माहीत असेल तर प्रश्न जास्तच गंभीर आहे. मुलाला प्रवेश मिळाला की त्यांच्या ऑफिसात फोटो लागेल. फी मात्र तुम्हाला भरायची आहे.

ती किती? राहणं-खाणं धरून वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर. चार वर्षांचे आजच्या भावानं अडीच कोटींच्या पुढे जातात. जॉबवर्कच्या धंद्यात पार्टीचं पेमेंट साठ-नव्वद दिवसांनी येतं आणि त्यातूनच पगार, लाइटबिल, जीएसटी काढायचा असतो. विद्यापीठ दर सेमिस्टरला ठरल्या तारखेला पैसे मागतं. अमेरिकी सरकारचं शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. त्यात वरखर्च निघेल, फी निघणार नाही. सिन्नरचा प्लॉट विकून कदाचित पहिलं वर्ष जाईल. दुसऱ्या वर्षी काय? फी थकलेला एकोणीस वर्षांचा मुलगा परक्या देशात बसून घरी फोन करेल, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याला कळेल की बाबांकडे पैसे नव्हतेच. हे चित्र मला सहन होत नाही. तुम्हालाही होणार नाही, म्हणूनच तुम्ही ते अजून डोळ्यांसमोर आणलेलं नाही.

आणि शिवाय, तिकडचं वारं कसं फिरेल सांगता येत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगीच काढून घेतली होती; कोर्टानं ते थांबवलं म्हणून मुलं राहिली. अशा वेळी घरातली शेवटची जमीन एकाच डावावर लावायची नसते.

तुम्ही मुलाला काही सांगितलं नाहीत, त्यामागे माया आहे हे कळतं. थोडी लाजही आहे. आपल्याकडे 'आम्ही कधी कुणापुढे हात पसरला नाही' हे अभिमानानं सांगायची रीत आहे, आणि त्या रकान्यातलं 'हो' म्हणजे हात पसरणं असं तुम्हा दोघांना वाटलं असणार. पण ही मदत त्या विद्यापीठांनी आपण होऊन ठेवलेली आहे. ज्या घराला ती लागते त्या घरानं ती मागायची, यात कमीपणा कसला? कमीपणा आलाच तर मुलाकडून घराबद्दल चुकीचं वदवून घेण्यात आहे. अर्जाच्या शेवटी 'ही सर्व माहिती खरी आहे' यावर सही त्याची होणार आहे, सरांची नाही.

म्हणून एकच काम करा, आणि आजच करा. रात्री जेवणं झाली की तिघं बसा. मिस्टरांना गेल्या तीन वर्षांची रिटर्न्स, युनिटचं करंट अकाउंट, कर्जाचा हप्ता आणि प्लॉटची कागदपत्रं टेबलावर मांडायला सांगा. मुलाला सगळं बघू द्या. आकडे त्यालाच वाचू द्या, तुम्ही मधे मधे समजावत बसू नका. हवं तर तो चिडेल, गप्प होईल, एखादा दिवस अभ्यास होणार नाही. होऊ दे. बारावीतल्या मुलाला वडिलांच्या धंद्याचा ताळेबंद समजतो, आणि समजायला हवा. मग त्याच्याच लॅपटॉपवर चौदाच्या चौदा अर्ज उघडा आणि मदतीच्या प्रश्नाला 'हो' करा. अर्ज अजून गेलेले नाहीत, तोवर हे बदलता येतं. बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्मही लागतो. टेबलावर मांडलेली कागदं त्यालाच लागतील. प्लॉटही त्यात दाखवायचा, लपवायचा नाही. मुदत प्रत्येकाची वेगळी असते, ती तारीखवार लिहून काढा.

'हो' म्हटल्यानं पेन किंवा ड्यूक हातचं गेलं तर? जाऊ द्या. मदतीशिवाय ते तुमचं कधीच नव्हतं. आणि कुठेच लागलं नाही तर तो इथे नीट शिकेल. पुढे सायन्स-इंजिनिअरिंगच्या पीएचडीला त्याच विद्यापीठांत बहुतेकांना फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो; आपल्याकडची कितीतरी मुलं त्याच वाटेनं गेली आहेत.

सकाळी सरांना फोन तुम्ही करू नका, त्याला करू द्या. 'सर, सगळीकडे मदत हवी असंच भरतोय,' एवढंच सांगायचं. ते वाद घालतील, यादी लहान करा म्हणतील. करू द्या लहान. आणि मग त्याला अभ्यासाला बसू द्या, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे.