मे महिन्यात नागपुरात धावता आलं, मग जुलैच्या २७ अंशांत दम का लागतो?

प्रश्नकर्ते पुण्याहून बदली होऊन इथे आलेत. मे महिन्यात पहाटे दहा किलोमीटर जमत होते, आता मोबाइल २७ अंश दाखवतो तरी किलोमीटरमागे मिनिटभर जास्त लागतं आणि जीव मेटाकुटीला येतो, असं त्यांचं म्हणणं. फिटनेस गेला का, संध्याकाळी धावलं तर बरं पडेल का, आणि बुटात घाम साचतो त्याचं काय करायचं, असे तीन प्रश्न आहेत.

फिटनेस गेलेला नाही. नागपुरात आलात म्हणजे कूलर घेतलाच असेल. मे महिन्यात त्याच्यासमोर झोपलं की पहाटे चादर ओढावी लागते. पहिला पाऊस पडला की तोच कूलर, तेच पाणी, त्याच वाळ्याच्या ताट्या, आणि खोलीत नुसता चिकचिकाट. उशीसुद्धा ओलसर लागते. मग आम्ही पंप बंद करतो आणि नुसता पंखा चालू ठेवतो. धावणाऱ्याचं शरीर म्हणजे हाच कूलर. अंग गार होतं ते घाम वाळल्याने. टपटप गळून रस्त्यावर पडला तो घाम फुकट गेला. लिटरभर घाम वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर धावला की सत्तरेक किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातल्या पाऊणएक भागाची उष्णताच होते. मे महिन्यातली कोरडी हवा ती भट्टी विझवत राहते. जुलैतली हवा आधीच पाण्याने भरलेली, ती तुमचा घाम घेणार कुठून?

हे मला नववीतच कळायला हवं होतं. कळलं ते फुटाळा तलावावर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, साळ्यासमोर.

साळा डोंबिवलीचा. तोही धावतो. लग्नापासून आमचा एकच वाद. त्याला म्हणायचो, तुमच्या मुंबईची गरमी म्हणजे काय, नवतपात, मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, नागपूरला ये, मग बोलू. तो म्हणायचा, "भावजी, तुमची भाजून काढते, आमची वाफवते. वाफ वाईट." मी हसायचो. ४५-४६ सोसणाऱ्या माणसाला ३२ अंशवाल्याने शिकवावं? एवढं ध्यानात घ्या की मी मे महिन्यात पावणेपाचला निघायचो आणि सव्वासहाच्या आत घरी असायचो. म्हणजे ४६ मी सोसले ते कूलरसमोर बसून. वाद घालताना हे सांगायचं राहून जायचं.

मग एका जुलैत तो आला. रविवार, दोन दिवस पाऊस नाही, आभाळ गच्च, झाडाचं पान हलत नव्हतं. असं गदमदत होतं की दारातच बनियान ओलं झालं. साडेपाचला निघायचं ठरलं होतं. साहेब उठले सहाला. निघेपर्यंत साडेसहा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. धरमपेठेतून रविनगर, भरतनगर, फुटाळा, वायुसेनानगरचा चढ आणि परत. मी सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं या वेगाने, सुटलो. तो सातच्या. "काय झालं, मुंबईची लोकल चुकली का?" असं मागे वळून ओरडलोसुद्धा.

नवव्या किलोमीटरला हातांवर काटा आला. जुलैत, घामाने निथळत असताना, थंडी वाजल्यासारखा काटा. मला वाटलं वारं सुटलं, बरं झालं. वारं कुठलं! फुटाळ्याच्या काठी येईपर्यंत साळ्याने मला गाठलं होतं आणि मी त्याला विचारत होतो, डावीकडे वळायचं नं? त्याने सांगितलं, नाही. मी पुन्हा विचारलं. म्हणे तीनदा विचारलं; मला एकदाच आठवतं. ज्या रस्त्याने मी वीस वर्षं जातोय, तो रस्ता डोंबिवलीकराला विचारत होतो.

त्याने मला कठड्यावर बसवलं, टी-शर्ट काढला आणि चहाच्या टपरीवरची बादली उचलून डोक्यावर रिकामी केली. कप विसळायची बादली. छातीवर चहापत्ती चिकटलेली, कानात चहापत्ती. टपरीवाला म्हणाला, "ऊन लागलं का जी भाऊले?" वर बघितलं तर सूर्याचा पत्ता नाही. साळ्याने त्याच्याकडून दुसरी बादली भरून घेतली, दुपट्टा भिजवून मानेवर टाकला आणि बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसला. तो पुठ्ठा महत्त्वाचा होता बरं का. हवा घाम घेत नाही तेव्हा निदान ती हलवावी लागते. वीस मिनिटांनी मी माणसात आलो. डॉक्टरांनी सलाइन लावली, म्हणाले थोडक्यात वाचलात. साळ्याने त्याआधीच बहिणीला फोन केला होता आणि मी सलाइनवर असताना तो बाहेर तर्री पोहे खाऊन आला.

तेव्हापासून दर दिवाळीला चहा आला की त्याचं "भावजी, पत्ती चालेल नं?" सुरू होतं. त्याच्या मते मी माजामुळे पडलो. माझ्या मते साडेसहाला निघाल्यामुळे पडलो. माज होता, नाही म्हणत नाही. पण तासभर उशीर कोणामुळे झाला?

असो. वेळेचं बोलू. पहाटे आर्द्रता ९० टक्के दिसते आणि दुपारी ६५, म्हणून लोक संध्याकाळी पळायला जातात. टक्क्यांनी फसू नका. हवेतलं पाणी जवळजवळ तेवढंच असतं, फक्त तापमान वाढलं की टक्का घसरतो. मोबाइलमध्ये दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की दव पडायला लागतं ते; तो जितका वर, तितकं हवेत पाणी जास्त. इथे जुलै-ऑगस्टमध्ये तो २४ च्या आसपास असतो, आणि २४ म्हणजे पेस विसरायचा. संध्याकाळी डांबर दिवसभराचं तापलेलं असतं ते वेगळंच. पहाटच बरी, आणि पाचच्या आधी.

पेस घसरणारच, घसरू द्या. ठोके बघून धावा, किंवा सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतपत. शरीर दहा-पंधरा दिवसांत सरावतं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो. पण सरावलेला कूलरही पावसाळ्यात कूलरच. २०१९ ला दोहामध्ये जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली होती, सूर्य नको म्हणून. तरी ३२ अंश आणि सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता. सुटल्या ६८ जणी, त्यातल्या २८ जणींनी शर्यत सोडली. त्या काही साळ्यापुढे शेखी मिरवायला धावत नव्हत्या.

एका बाबतीत मात्र साळा चूक आणि मी बरोबर, हे इथे लिहूनच ठेवतो. त्याचं तत्त्व: तहान असो-नसो, पाणी ढोसत राहा. हे चूक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि मुख्य कारण होतं वाटेत प्यायलेलं भरमसाट पाणी. तहान लागेल तसं प्या. तासाभराच्या वर धावणार असाल तर ओआरएस, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या पाण्यात घट्ट करून नाही. घरी आल्यावर पन्हं, मीठ घालून. त्याला हे मी चार वेळा पाठवलंय, निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. बीपीच्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, अंगात ताप असेल, किंवा आदल्या दिवशी जुलाब झाले असतील तर घरीच बसा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, पाय वेडेवाकडे पडायला लागले, तर आधी सावलीत नेऊन पाणी ओता, बर्फ मिळाला तर काखेत-मानेवर लावा, कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे कामाची नाही. आणि एकटे धावू नका. मी एकटा असतो तर डावीकडे वळलो असतो.

बुटांचं मला माहीत नाही. मी वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवतो आणि बायको ओरडते.

साळा यंदा पुन्हा येतोय, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याच्या खोलीचं दार मी पावणेपाचला वाजवणार आहे. पेस सात.