पाळी जायला आली, म्हणून एवढा थकवा?

"मॅडम, रात्रभर पडून राहिले तरी सकाळी अंग उचलत नाही. पेशींतली शक्तीच संपलीय म्हणे माझी."

सांगलीतल्या, सत्तेचाळिशीच्या एक शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पर्समध्ये 'पेशींची ऊर्जा' वाढवणाऱ्या महागड्या गोळ्या, जावेनं मोबाइलवर व्हिडिओ बघून मागवलेल्या.

व्हिडिओतलं अर्धं खरं होतं, पंचाईत तीच. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया अन्नापासून ऊर्जा तयार करतात आणि इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन त्यांच्या कामाला हातभार लावतं. पाळी जायच्या सुमारास ते कमी होत जातं तेव्हा स्नायू, हाडं, मेंदू सगळ्यांनाच फरक जाणवतो. शिवाय रात्री घाम फुटून झोप मोडते. "तुमचा थकवा खरा आहे ताई," एवढं ऐकूनच त्यांचे डोळे भरले. घरी सगळे 'मनावर घेऊ नकोस' म्हणत होते.

मग पाळीचं विचारलं. "दोन-अडीच महिन्यांनी येते, आली की दहा-दहा दिवस थांबत नाही. जाताना असं व्हायचंच की!"

नाही, इतकं व्हायचंच असं नाही. मी त्यांना आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं. बायकांचं किमान 12 हवं. रक्तस्रावाचं कारण शोधून उपचार सुरू झाले, थायरॉइड, बी-12 आणि साखरही तपासली. कितीतरी बायका हे सगळं पाळीच्या खात्यावर टाकतात आणि वर्षानुवर्षं ओढत राहतात.

अंगात जरा रक्त आल्यावर आम्ही पेशींकडे वळलो. त्या गोळ्यांनी असा थकवा जातो याला भरवशाचा पुरावा नाही. व्यायामानं मात्र स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया वाढतात, अगदी साठीनंतरही. "दिवसभर घरकाम करते की!" घरकामानं माणूस दमतो, पण स्नायूंवर हळूहळू वाढता भार येत नाही. म्हणून हात न टेकता खुर्चीवरून उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, रोजचं चालणं. भाकरीबरोबर मटकीची उसळ, अंडं, दही. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नाही. या चहावरून मात्र आमचा बराच वाद झाला.

घामानं झोप फारच मोडत असेल तर हॉर्मोनचे उपचार आहेत. ते प्रत्येकीला चालत नाहीत, स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना सहसा देत नाहीत; ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा थोडंसं जरी रक्त दिसलं, तर वाट न बघता दाखवायचं.